हात आणि पदवी : द्रव्यविज्ञानातील पीएच.डी.च्या अटींविषयी

साहित्य आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात पीएच.डी.च्या नियमांची समीक्षा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण नियम हाही एक मजकूरच असतो. त्यालाही लेखक असतो आणि त्या लेखकाच्या डोळ्यांसमोर एक नायक असतो. कादंबरीचा नायक कोणत्या वर्गातला, कोणत्या जातीतला, हे विचारायला आपण शिकलो. विद्यापीठाच्या अध्यादेशाचा नायक कोण, हे विचारायचे मात्र राहून गेले. मी वडवणीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे हा अध्यादेश मला कोणी समजावून सांगितला नाही. तो मला ओळ न् ओळ वाचूनच समजून घ्यावा लागला.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. इंग्रजीत ज्याला मटेरिअल्स सायन्स म्हणतात त्याला मराठीत पदार्थविज्ञान म्हणावे, तर जुन्या माणसांना ते फिजिक्स वाटते. शाळेच्या पुस्तकात तेच नाव होते. म्हणून इथे द्रव्यविज्ञान म्हणतो. धातू, माती, काच, कातडे, प्लास्टिक अशा कोणत्याही द्रव्याची आतली रचना कशी, ती कशाने बदलते आणि बदलली की द्रव्य कसे वागते, याचे हे शास्त्र.

त्यातली डॉक्टरेट मिळवण्याच्या छापील अटी तशा सरळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना व इतर मागासांना ५ टक्क्यांची सूट. निदान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, कमीत कमी तीन आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे, दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणे, मग प्रबंध, बाहेरचे परीक्षक आणि शेवटी मौखिक परीक्षा. पवईच्या आय.आय.टी.सारख्या संस्थांचे नियम स्वतःचे असतात. तिथल्या धातुअभियांत्रिकी व द्रव्यविज्ञान विभागात शिरायचे तर बहुधा 'गेट'चा गुणांक किंवा नेटची शिष्यवृत्ती लागते, पुढे पात्रता परीक्षा आणि दरवर्षीचा प्रगती-सेमिनार असतो. या अटींबद्दल माझी तक्रार नाही. अवघड असणे हा अन्याय नव्हे. आपल्या पोरांनी याहून अवघड परीक्षा पार केल्या आहेत.

तक्रार आहे ती दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेबद्दल. या कोऱ्या जागेचा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. न्यूयॉर्क सोडण्यापूर्वी, १९१६ साली, त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला होता. पदवी मात्र मिळाली १९२७ साली. मधली वर्षे गेली कशात? त्या विद्यापीठाची अट होती की प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल कराव्यात. ज्याच्या बापाची इस्टेट आहे त्याला ही अट म्हणजे छापखान्याचे एक बिल. बाबासाहेबांना मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा साठवावा लागला, लंडनचे शिक्षण पुरे करावे लागले. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग यांनी ग्रंथ छापला, तेव्हा कुठे प्रती दाखल झाल्या. ज्ञान तेच, माणूस तोच. कमी होता तो कागदाचा आणि शाईचा खर्च. नियमात 'गरिबांना मनाई' असे कुठेही लिहिलेले नव्हते, आणि लिहिण्याची गरजही नव्हती.

द्रव्यविज्ञानात या छापखान्याच्या जागी यंत्र आले आहे. इतिहासाचा संशोधक ग्रंथालयात बसून, उधारीवर पुस्तके आणून काही तरी उभे करू शकतो. द्रव्यविज्ञानात तुमच्या डोक्यात कितीही मौलिक कल्पना असो, क्ष-किरण विवर्तनाचा आलेख नसेल तर तुमच्याजवळ फक्त चिमूटभर पूड असते. स्फटिकाची रचना बघायला ते यंत्र, कण बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, चुंबकत्व मोजायला तिसरेच काही. ही यंत्रे वडवणीत नाहीत, बीडलाही नाहीत असेच धरून चालावे. पवईत 'सैफ' नावाचे केंद्र बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देते. सोय चांगली आहे. पण प्रत्येक नमुन्याला पैसे, नमुना बिघडला तर पुन्हा पैसे, आणि आलेल्या आलेखात एक शिखर अनपेक्षित दिसले तर तिसऱ्यांदा पैसे. खरे संशोधन नेमके त्या अनपेक्षित शिखरापाशी सुरू होते आणि आपला विद्यार्थी नेमका तिथेच थांबतो.

मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्राच्या प्रबंधांची पुण्या-मुंबईत एक थट्टा चालते. म्हणतात, तिकडे फेराइटचा कारखाना आहे. कोबाल्ट काढून निकेल घाला, निकेल काढून झिंक घाला, झाला नवा प्रबंध. थट्टेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रकरणांची नावेसुद्धा तीच असलेले प्रबंध मी चाळले आहेत. पण समीक्षकाने कारणापर्यंत गेले पाहिजे. फेराइट का? कोबाल्ट नायट्रेट, फेरिक नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवायचे, अमोनियाने सामू सातवर आणायचा, तापवून जेल करायची. ती जेल स्वतःच पेट घेते आणि राखेसारखी हलकी पूड उरते. ती भट्टीत भाजली की ८.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास कडा असलेला घनाकृती स्फटिक हाती येतो. निर्वात पंप नको, की कोट्यवधींचे उपकरण नको. एक हॉटप्लेट, एक भट्टी आणि वीज पुरे. म्हणजे विषयाची निवड विद्यार्थ्याच्या बुद्धीने केलेली नसून त्याच्या भट्टीने केलेली असते. कोरडवाहू रानात बाजरी पेरणाऱ्याला तू द्राक्षबाग का लावली नाहीस असे विचारण्यासारखे हे आहे. आणि हीही नोंद व्हावी की याच साध्या भट्टीवर काम केलेल्यांपैकी काहींचे शोधनिबंध जगभर उद्धृत होतात.

या पदवीची मुख्य अट म्हणजे 'ज्ञानात मौलिक भर'. त्या शब्दापाशी मला नेहमी अडखळायला होते. आपल्या गावगाड्यात द्रव्याला हात कोण लावत होते? ढोर आणि चांभार कातड्याला, लोहार आणि घिसाडी लोखंडाला, वडार दगडाला, कुंभार मातीला. कच्चे कातडे पाण्यात टाकले तर कुजते. ढोर ते चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची किंवा तरवडाची साल आणि हिरडा यांच्या अर्कात मुरवायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर सालीतले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंना बांधून टाकते आणि पाणी व जंतू यांचे काही चालत नाही. साल किती, दिवस किती, ऋतू कोणता, कातडे म्हशीचे की बैलाचे, यावर प्रमाण बदलते. हे प्रयोगाशिवाय, नोंदीशिवाय, पिढ्यान् पिढ्यांच्या तपासणीशिवाय कळलेले नाही. फक्त नोंद कागदावर नव्हती, बोटांत होती. त्या कातड्याची मोट होऊन विहिरीत उतरायची, रोज शेकडो वेळा पाण्यात बुडायची आणि दगडावर घासली जायची. द्रव्याची याहून कडक चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत होते? आणि मोटेचे पाणी सवर्णाच्या मळ्याला चालत होते. मोट करणाऱ्याच्या हाताने मात्र तीच विहीर बाटत होती.

स्वतंत्र भारताने १९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था काढली. चांगलेच केले. कातड्याचे शास्त्र झाले, त्यात डॉक्टरेट मिळू लागली. पण ज्यांचे हात त्या कातड्याच्या वासाने बाराशे पिढ्या नव्हेत तरी शेकडो वर्षे भरले होते, त्यांची मुले त्या प्रयोगशाळेच्या दाराशी आली ती 'पात्रता नसलेली' म्हणून. ढोराच्या ज्ञानाला पीएच.डी. द्या असे मी म्हणत नाही. तसली भाबडी गौरवगाथा आपल्या कामाची नाही. त्या धंद्याची घाण, त्याची सक्ती आणि त्याचा अपमान ज्यांनी भोगला त्यांनी तो टाकून दिला हे योग्यच झाले. माझा मुद्दा एवढाच आहे की हाताला अस्पृश्य ठरवणाऱ्या समाजाने हाताच्या शास्त्रातली पदवीही हात न मळलेल्यांसाठी राखून ठेवली.

राखून ठेवली हा शब्द जड वाटत असेल तर आकडे पाहावेत. २०१५ ते २०१९ या काळात आय.आय.टी.तील पीएच.डी. प्रवेशांपैकी अनुसूचित जातींचे ९.१ टक्के आणि अनुसूचित जमातींचे अवघे २.१ टक्के होते, अशी शिक्षण मंत्रालयाची माहिती प्रसिद्ध झाली आहे. कायद्याने वाटा होता १५ आणि ७.५. हे जागा नसल्यामुळे झाले काय? 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हे वाक्य कुठल्या छापील अटीत बसते? ते मुलाखतीत बसते. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत प्रवेश परीक्षा नुसत्या पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली होती. विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा पुढे परीक्षेला सत्तर आणि मुलाखतीला तीस असे वजन ठरले. तीस म्हणजेही थोडे नव्हे. आडनाव, गाव आणि इंग्रजी उच्चार या तिन्ही गोष्टी त्या तीसमध्ये मावतात.

प्रवेश मिळाला तरी पोटाचा प्रश्न उभा राहतो. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार झाली. ज्याचे आईबाप कोयता घेऊन दर दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, त्या वडवणीच्या पोराला ही रक्कम म्हणजे अख्ख्या घराचे बिऱ्हाड. म्हणूनच ती थकली की संशोधन थकते. रोहित वेमुलाने जानेवारी २०१६ मध्ये जाताना लिहिलेल्या पत्रातही सात महिन्यांच्या थकलेल्या विद्यावेतनाचा हिशेब होता. बार्टीच्या शिष्यवृत्तीसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात उपोषणाला बसावे लागले. भट्टी आठशे अंशांवर ठेवून मैदानात जाता येत नाही. नमुना वाया जातो आणि सहा वर्षांचे घड्याळ चालूच राहते.

मार्गदर्शकाची अटही अशीच, वरून साधी. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार विद्यार्थी. पण मार्गदर्शक संशोधन केंद्राशी जोडलेला हवा आणि केंद्राला प्रयोगशाळा हवी. तालुक्याच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गच नसेल तर केंद्र कुठले? मग विद्यार्थी शहरातल्या मार्गदर्शकाकडे जातो आणि त्या चार-सहा जागांतून उरलेल्या एका जागेसाठी वर्षभर त्याच्या दारात ताटकळतो. या ताटकळण्याचा उल्लेख कोणत्याही वेळापत्रकात नसतो. त्या वर्षात वर्गणी, घरकाम, गाडीला धक्का असे काय काय त्याच्याकडून घेतले जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे आणि फार थोड्यांनी लिहिले आहे. आपल्या लेखकांनी बालपणाची भूक लिहिली; संशोधन करतानाची ही लाचारी अजून आत्मकथनात नीट उतरलेली नाही.

प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही २०१६ ची सक्ती २०२२ च्या विनियमांत राहिली नाही. सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आणि त्यात आपलीही मुले नागवली गेली. आता सक्ती कागदावरून गेली आहे. मार्गदर्शकाच्या तोंडी मात्र ती कायम आहे, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो : पेपर किती, आणि कुठल्या यंत्रावर काम केले?