दशांश कोणाचा? : ‘स्मृतिचित्रे’तील अर्थविचार

ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील बहुसंख्य घरे मासिक वेतनावर चालतात. अशा घरांतून आज जी अर्थोपदेशपर पुस्तके वाचली जातात, त्यांच्या मुळाशी जॉर्ज क्लेसन यांच्या ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ (१९२६) या ग्रंथाची शिकवण आढळते : मिळकतीचा किमान दहावा हिस्सा प्रथम स्वतःसाठी राखावा. बायबलमध्येही दशांश आहे. परंतु तेथे तो परमेश्वराचा. प्रमाण एकच, स्वामी भिन्न.

यावरून ख्रिस्ती श्रद्धा संचयाच्या विरुद्ध आहे असे अनुमान काढणे घाईचे होईल. नीतिसूत्रांत मुंगीचा आदर्श सांगितला आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील धनी, पैसा निदान सावकाराकडे का ठेवला नाही म्हणून दासास दोष देतो. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान मूर्ख ठरतो तो कोठारांच्या बळावर आयुष्याची हमी मिळाली असे मानल्यामुळे.

या वादाची खरी कसोटी घरखर्चात लागते. आणि मराठीत ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) लागलेली दिसते. बालपणीची काही वर्षे कल्याणात काढलेल्या ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १९१७ साली मिशनचा आधार सोडून संन्यास पत्करला. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे, आणि हा स्वभाव धर्मांतरापूर्वीचाच होता. तेव्हा त्यांच्या निष्कांचनतेत श्रद्धेचा अंश किती व स्वभावाचा किती, हा प्रश्न उरतोच. भक्तिपर चरित्रास तो अडचणीचा वाटेल. लक्ष्मीबाई तो टाळीत नाहीत. पतीच्या औदार्याचे मोल चुलीपाशी कोणास द्यावे लागले हे त्या हसत हसत सांगतात, आणि तरीही त्या औदार्याची थोरवी नाकारीत नाहीत. बालकवींसारख्या परक्या मुलास आसरा मिळाला तो याच घरात.

क्लेसनच्या कथांतही कुटुंबाची तरतूद आहे. मात्र मित्रास कर्ज देतानाही सावध राहावे असा तेथे उपदेश असून, दारी आलेल्याचा हिस्सा त्या हिशेबात अग्रक्रमाने येत नाही. उलटपक्षी, ‘स्मृतिचित्रे’त व्यवहाराचा एकही नियम सांगितलेला नाही. घराचे हप्ते फेडणाऱ्या वाचकास ही उणीव भासेल, व ती मान्य करावयास हवी. तथापि दानाचा निर्णय एकाचा व उपास दुसऱ्याचा अशी वाटणी ज्या घरात होते, तेथे श्रद्धेचीही फेरतपासणी अवश्य ठरते, हा त्या ग्रंथातून निघणारा निष्कर्ष आम्हांस कोणत्याही दशांशापेक्षा अधिक टिकाऊ वाटतो.