सिंथेसायझर विकत घ्यावा काय?

घरांत बसून संगीत रचणाऱ्यानें सिंथेसायझर हें वाद्य प्रत्यक्ष विकत घ्यावें, कीं संगणकांतील त्याच्या प्रतिकृतीवर काम भागवावें, हा प्रश्न वाङ्मय आणि कला यांच्या चर्चेस वाहिलेल्या मासिकांत कां यावा, असें कांहीं वाचक विचारतील. प्रश्न वरवर बाजाराचा दिसतो खरा. परंतु ज्या घरांत एखादें मूल कानाला हेडफोन लावून रात्रीं उशिरांपर्यंत सूर जुळवीत बसतें, त्या घरांत तो आज ना उद्यां उपस्थित होतोच. आणि मग त्यांत वडिलांच्या पैशाइतकाच त्या मुलाच्या कलेचाहि संबंध येतो. या वादाचा निकाल सामान्यतः ध्वनींच्या तुलनेवर लावण्यांत येतो. खऱ्या यंत्राचा आवाज भरदार आणि संगणकाचा कोरडा, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष दोन्ही आवाज डोळे मिटून ऐकवितो आणि ओळखा म्हणून आव्हान देतो. आम्हांस ही तुलना निष्फळ वाटते. पुरें झालेल्या गाण्यांत, इतर दहा ध्वनींच्या गर्दींत, हा भेद ओळखणारे कान विरळा. वाद्याची परीक्षा त्यावर निर्माण झालेल्या कृतींवरून करावी, हा टीकेचा जुना मार्गच येथें अधिक बरा.

वाद्याचा वंश थोडक्यांत सांगितला पाहिजे. अमेरिकन अभियंता रॉबर्ट मोग यानें १९६४ सालीं विजेच्या दाबानें स्वराची उंची, त्याचा पोत आणि त्याचा चढउतार हीं सर्व नियंत्रित करतां येतील अशी योजना सिद्ध केली. एक भाग स्वराची लहर उत्पन्न करतो, दुसरा तिच्यांतील वरचे अंश गाळतो, तिसरा तिचा उदय आणि विलय ठरवितो. आणि प्रत्येक भागाची किल्ली वादकाच्या बोटांखालीं असते. वेंडी कार्लोस यांनीं याच यंत्रावर बाखच्या रचना बसवून १९६८ सालीं 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका काढली. तें यंत्र एका वेळीं एकच स्वर काढी, आणि वाजवितां वाजवितां बेसूरहि होई. एकेक सुरावट वेगळी वाजवून ती फितीवर दुसरीशीं जोडावयाची, असें तें महिनोन् महिने चाललेलें काम होतें. त्या मुद्रिकेचें यश यंत्राच्या नवलाईमुळें झालें असें पुष्कळांनीं म्हटलें. आम्हांस तें पटत नाहीं. बाखच्या रचनेंतील प्रत्येक धागा वेगळा ऐकूं यावा, हें जें तिचें वैशिष्ट्य, तें एकस्वरी यंत्रानें लादलेल्या शिस्तीचेंच फळ आहे.

आतां आपल्या मुंबईकडे येऊं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बास गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड वाजविणारे चरणजीत सिंग यांनीं १९८२ सालीं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. जपानच्या रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें त्यांनीं घेतलीं होतीं: ज्युपिटर-८ हा आठ स्वर एकदम काढणारा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें तालयंत्र आणि टीबी-३०३ ही खर्जाच्या सुरावटीची छोटी पेटी. भैरव, ललित, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग. तबला नाहीं, तानपुरा नाहीं. आरंभीं आलापाचा एक लहानसा तुकडा आणि मग डिस्कोचा अखंड ठेका. मुद्रिका खपली नाहीं. २०१० सालीं ती युरोपांत पुन्हां निघाली, तेव्हां तेथील रसिक थक्क झाले. कारण शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनीं १९८७ सालीं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही कृति काढून जो संप्रदाय सुरू केला, त्याचा विशिष्ट नाद मुंबईच्या या मुद्रिकेंत पांच वर्षें अगोदरच उमटलेला होता. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. संबंध होता तो एका यंत्राशीं.

तें यंत्र म्हणजे टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्यास साथीला बास मिळावा, या साध्या हेतूनें तें बनविलें होतें, आणि त्या कामीं तें पार निरुपयोगी ठरलें. खऱ्या बासशीं त्याचा आवाज जुळेना. शिवाय त्यांत सुरावट भरणें म्हणजे एक दिव्यच: सोळा घरें, स्वर वेगळे भरावयाचे, काल वेगळा भरावयाचा, आणि चूक झाली कीं पुनश्च हरिः ॐ! तीन वर्षांच्या आंत त्याचें उत्पादन थांबलें आणि जुन्या बाजारांत तें कवडीमोलानें मिळूं लागलें. शिकागोच्या तरुणांनीं तें तसेंच घेतलें आणि सुरावट चालू असतां फिल्टरचे नॉब पिळून पाहिले, तेव्हां तो सुप्रसिद्ध विव्हळणारा आवाज निघाला. सिंगांनीं त्याच पेटींतील दुसरा गुण हेरला. एका घरांतून दुसऱ्या घरांत स्वर घसरत नेण्याची तींत सोय आहे. त्या घसरणींत त्यांच्या कानाला मींड दिसली. जपानी अभियंत्यांच्या स्वप्नींहि नसलेला हा अर्थ काढावयास हिंदुस्थानी कानच हवा होता, आणि तें यंत्र सतत हाताशीं असल्यावांचून तो सांपडला नसता.

मात्र या मुद्रिकेची भलावण करतांना तिचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. पहांटेचा ललित आणि मध्यरात्रींचा मालकंस एकाच ठेक्यावर नाचूं लागले कीं सर्वांचा प्रहर एकच होऊन बसतो. रागाच्या विस्तारास लागणारा अवकाश येथें मुळींच नाहीं. त्याहून गंभीर गोष्ट स्वरांची. ज्युपिटरच्या पट्ट्या पाश्चात्य समान अंतरांच्या सप्तकावर बांधलेल्या आहेत. तोडीचा गांधार जितका उतरावयास हवा तितका त्या पट्टीवर उतरत नाहीं. भूप, कलावती, मालकंस, बैरागी या औडव रागांत ही उणीव थोडी झांकते, आणि तेच भाग आम्हांस अधिक रुचले. पेटीवर हाच आक्षेप घेऊन आकाशवाणीनें १९४० सालीं तिला बंदी केली होती आणि ती १९७१ पर्यंत पूर्णपणें टिकली, हें वाचकांस स्मरत असेल. पेटीच्या मानानें सिंथेसायझर एका बाबतींत सुदैवी आहे. १९७० सालच्या मिनीमोगपासून बहुतेकांच्या डाव्या बाजूस स्वर वळविण्याचें चाक किंवा दांडी असते. उजव्या हातानें पट्टी आणि डाव्यानें मींड, ही विद्या साधली तर पुष्कळ कांहीं साधतें. परंतु ती कष्टसाध्य आहे.

येथेंच संगणकाचा पक्ष बलवान ठरतो, आणि त्याला त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. पुढें संगणकांत बसणारीं वाद्यें निघूं लागलीं. २०२० सालीं निघालेल्या 'व्हायटल'सारख्या उत्तम सिंथेसायझरची मूळ आवृत्ति फुकट मिळते. मिनीमोगला स्मरण नव्हतें, काल सांपडलेला आवाज आज पुन्हां शोधावा लागे. संगणक सर्व लक्षांत ठेवतो. तोडीचा गांधार हवा तितका उतरवून द्यावयासहि तो तयार असतो. उलट मिनीमोगची २०२२ सालीं निघालेली आवृत्ति सुमारें ५००० डॉलरांची होती, आणि तीहि एका वेळीं एकच स्वर काढी! केवळ हिशेबानें पाहिलें तर वाद संपलाच.

पण संगणकावर काम करणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या रचना आम्ही ऐकतों, तेव्हां एक गोष्ट वारंवार जाणवते. आवाज उत्तम असतात, आणि सुरावट मात्र जेथें सुरू झाली तेथेंच उभी असते. विचारावें तर कळतें कीं संध्याकाळ तयार आवाजांच्या यादींतून निवड करण्यांत गेली. त्या यादीला अंत नाहीं. एका पेटींत चारच आवाज नीट निघत असतील, तर माणूस अर्ध्या तासांत सुरावटीकडे वळतो, कारण दुसरें करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. नॉब असलेली निराळी पेटी संगणकाला जोडली कीं हातालाहि काम मिळतें, असा प्रतिवाद होतो, आणि तो खरा आहे. पण त्याच नॉबला आज एक काम आणि उद्यां दुसरें दिलें जातें, त्यामुळें बोटांना त्याची ओळख होत नाहीं. सतारीचे पडदे रोज नव्या क्रमानें बांधले तर सतारियाचें काय होईल?

म्हणून आमचें मत असें कीं ज्याला नाना आवाज हवे आहेत, त्यानें यंत्र घेऊं नये. संगणक त्याला अधिक देईल. ज्याला पूर्वसूरींच्या मुद्रिकांतील आवाज जसाचा तसा हवा आहे, त्यानेंहि घेऊं नये. ज्यानें फुकट मिळणाऱ्या वाद्यांवर वर्षभर काम करून चारदोन रचना पुऱ्या केल्या आहेत, आणि त्या करतांना ज्याचा हात पडद्यावरील चित्रांतल्या नॉबकडे जाऊन अडखळला आहे, त्यानें एकच लहान यंत्र घ्यावें. जुनें चालेल. कर्ज काढून कांहीं घेऊं नये. हिंदुस्थानी संगीत करणाऱ्यानें घेण्यापूर्वी स्वरांचीं अंतरें बदलतां येतात कीं नाहीं तें अवश्य विचारावें; कॉर्ग कंपनीनें २०१७ सालीं काढलेल्या 'मोनोलॉग' या लहानशा यंत्रांत ती सोय होती, तेव्हां ती फार महागच असते असें नाहीं. दुकानदार अशा वेळीं तयार आवाज एकामागून एक ऐकवूं लागतो. ते सर्व बंद करावयास सांगावें, एक साधा आवाज लावून घ्यावा, आणि डावा हात चाकावर ठेवून तोडीचा गांधार वाजवून पाहावा.