चार फुटांची गाळणी

पीव्हीसीचा एक पाइप. व्यास 140 मिलिमीटर, लांबी 1.2 मीटर, म्हणजे जवळपास चार फूट. आत तीन कप्पे. पहिल्यात 2 ते 6 मिलिमीटरचे बारीक खडे, दुसऱ्यात 6 ते 12 चे, तिसऱ्यात 12 ते 20 चे. पाणी बाहेर पडतं तिथे जाळी. देवास फिल्टरची संहिता एवढीच. कविता वाचताना आपण शब्दांचा क्रम पाहतो, कवीनं काय घेतलं आणि काय सोडलं ते पाहतो. हा पाइपही तसाच, सावकाश वाचण्याजोगा आहे.

लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. माळव्यातल्या देवासनं ही वेळ 1990 मध्येच पाहिली होती. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचं हे गाव इंदूरहून येणाऱ्या पाण्याच्या गाडीवर जगलं. गावात विहिरी आणि बोअर होते, पण ते फक्त उपसण्यापुरते. मराठवाड्याखाली आहे तोच काळा पाषाण माळव्याखालीही पसरला आहे. त्यात पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. तिथे भर पडली नाही, तर बोअर कितीही खोल नेला तरी हाती धूळच लागते. पुढे देवासचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मोहन राव आणि ग्रामीण अभियांत्रिकी सेवेतले अभियंते यांनी उलटा विचार केला: ज्या बोअरमधून पाणी काढलं, त्याच बोअरमध्ये गच्चीवरचा पाऊस सोडायचा. मध्ये बसवायला गाळणी हवी होती. ती त्यांनी तयार केली. त्या काळात तिला सुमारे 600 रुपये खर्च येई.

आता या संहितेत काय नाही ते पाहू. वाळू नाही. पाणी गाळायचं म्हटलं की पहिली आठवते ती वाळू, मग इथे का नसावी? हिशेब मांडला की उत्तर मिळतं. गच्ची 100 चौरस मीटरची धरू. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माळव्यात तासाला 30 मिलिमीटरची सर आली, तर त्या गच्चीवरून तासाला 3000 लिटर, मिनिटाला 50 लिटर पाणी उतरणार. एवढं पाणी 140 मिलिमीटरच्या तोंडातून जायचं, तर पाइपात ते टिकतं जेमतेम नऊ-दहा सेकंद. वाळू असती तर पाणी तुंबून गच्चीवरच साचलं असतं. वाळू आपलं काम सावकाश करते आणि सर कोणासाठी थांबत नाही. गाळणी करणाऱ्यांनी माळव्याचा पाऊस ओळखून खडे घेतले. मला या पाइपातली ही सर्वांत समंजस निवड वाटते.

त्याहून जास्त विचार करायला लावतो तो खड्यांचा क्रम. आपण सहज मोठे खडे आधी ठेवू, बारीक शेवटी. मोठी घाण आधी अडेल, उरलेली पुढे. देवासच्या पाइपात ते उलटं आहे. बारीक आधी, जाडे शेवटी. माझ्या वाचनाप्रमाणे त्यात दोन गोष्टी साधतात. पान, काडी, कौलाचा कण, पारव्याचं पीस, जे काही अडायचं ते पहिल्याच कप्प्यात, पाइपाच्या तोंडाशी अडतं. तिथे हात पोचतो. घाण आत खोलवर गेली, तर सगळा पाइप रिकामा करावा लागला असता. दुसरं, शेवटच्या जाड खड्यांमधल्या फटी मोठ्या आहेत, त्यामुळे पाणी मोकळं बाहेर पडतं आणि जाळी फार बारीक ठेवावी लागत नाही. गावच्या पाणीपुरवठ्यातल्या वाळूच्या गाळणीतही वर वाळू आणि तळाशी खडी असते, क्रम हाच. याची किंमतही आहे: तोंड लवकर चोंदतं. पण चोंदलं की पाणी मागे तुंबतं आणि घरच्या माणसाला कळतं. आतल्या आत बिघडत जाणाऱ्या यंत्रापेक्षा मला हे फार बरं वाटतं.

धार जिल्ह्यात, मांडूच्या जहाज महालात, पाणी स्वच्छ करण्याची दुसरी तऱ्हा दिसते. मुंज आणि कापूर या दोन तलावांमध्ये उभ्या असलेल्या या महालाच्या बांधणीचं श्रेय साधारणपणे 1469 ते 1500 मध्ये राज्य केलेल्या घियासुद्दीन खिलजीला देतात. वरच्या हौदाकडे पाणी नेणारी दगडी पन्हळ सरळ जात नाही, वेटोळी घेत जाते. वळणावळणानं वेग मोडतो आणि वेग मोडला की गाळ खाली बसतो. तिथे पाण्याला वेळ दिला आहे. देवासच्या पाइपाकडे तो वेळ नाही, म्हणून तिथे खडे आहेत.

पाणी स्वच्छ कसं ठेवायचं, हा प्रश्न घरात प्रवाळांसाठी समुद्री पाण्याची छोटी टाकी ठेवणाऱ्यालाही पडतो. तिथे नुसत्या अडवण्यानं भागत नाही. स्पंजात अडलेली घाण वेळेवर धुतली नाही, तर तिथेच कुजते आणि पाण्यात नायट्रेट वाढतं. म्हणून तिथे सच्छिद्र खडकात राहणाऱ्या जिवाणूंवर भिस्त ठेवतात, आणि कुजण्याआधीच मळ फेसाबरोबर वर काढणारा स्किमर लावतात. पाणी कुठून येतं, त्यात काय आहे आणि ते कुणाकडे जाणार, हे पाहिल्याशिवाय गाळणी निवडता येत नाही.

देवासच्या पाइपात असे जिवाणू काम करत नाहीत. नऊ-दहा सेकंदांत ते शक्यही नाही. दोन मिलिमीटरचा खडा कचरा अडवतो. रोगजंतू, विरघळलेली घाण आणि बारीक माती त्यातून सहज जाते. शेतात मुरणारं पाणी मातीच्या थरातून गाळलं जातं. बोअरमध्ये सोडलेलं थेट खाली पोचतं, आणि तेच पाणी शेजाऱ्याच्या बोअरमध्येही येतं. या रचनेतला हा खरा धोका आहे आणि तो लपवून तिचं कौतुक करणं मला मान्य नाही. त्याला उपाय आहे, पण तो पाइपाच्या बाहेरचा आहे.

तरी हे पाणी सोडून देण्याजोगं नाही. माळव्यात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर तो एक लाख लिटर होतो, गळती आणि बाष्पीभवन धरूनही त्यातलं बरंचसं हाती येतं. म्हणून तुमच्या घरी असा पाइप असेल किंवा बसवायचा असेल, तर मृगापूर्वी गच्ची झाडून धुऊन घ्या, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बोअरमध्ये न सोडता बाहेर जाऊ द्या, पहिल्या कप्प्यातले खडे पावसाळ्यात अधूनमधून काढून धुवा आणि बोअरचं पाणी प्यायचं असेल तर तपासून आणि उकळूनच प्या.