पोत्यावरचे ‘क्रूड’ शब्द

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात राहुरी, राहाता, संगमनेरकडच्या कितीतरी घरांत पशुखाद्याचे पोते येते. त्यावरचा मजकूर म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या रोज नजरेस पडणारे विज्ञानच. पण ते समजावे अशा रीतीने लिहिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

सर्वांत फसवा शब्द ‘क्रूड प्रोटीन’. त्याचे कोणी ‘कच्ची प्रथिने’ असे भाषांतर केले, तर ती शिजवल्यावर पक्की होतात काय, असे एखादा चौकस मुलगा विचारणारच. येथे ‘क्रूड’ म्हणजे ढोबळ, आणि ढोबळ आहे ती मोजणी. या चाचणीत प्रथिने मोजतच नाहीत. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल यांनी दिलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्याला १०० भागिले १६, म्हणजे ६.२५ ने गुणतात. हा नायट्रोजन कोठून आला, हे पद्धतीला कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून त्याचे क्रूड प्रोटीन भरते २८७.५ टक्के! हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. १०० किलो खाद्यात एक किलो युरिया गेला, तर पेंड मूठभरही न वाढवता आकडा जवळजवळ तीनने चढतो. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले, ते याच आंधळेपणाचा फायदा घेऊन. त्यात तान्ही मुले दगावली.

तरीही हा शब्द मोडीत काढावा असे मी म्हणणार नाही. गाय-म्हैस रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या कोटीपोटातील जीवाणू युरियाच्या नायट्रोजनपासून आपली प्रथिने बनवतात आणि पुढे ते जीवाणूच जनावराला पचतात. मात्र या कामाला ऊर्जा लागते. मक्याचा भरडा किंवा मळी सोबत नसेल, तर अमोनिया रक्तात उतरतो, आणि तो फार झाला तर विषबाधा होते. कोंबडीला तर युरियाचा असा उपयोग नाहीच. म्हणून त्या आकड्यात युरियाचा वाटा किती, हे शेजारी छापलेले असावे.

‘टीडीएन’, म्हणजे एकूण पचनीय पोषकद्रव्ये, हे नाव वजनाचे आणि माप ऊर्जेचे. पचणाऱ्या स्निग्धांशाची ऊर्जा जास्त, म्हणून त्याला २.२५ ने गुणतात. त्यामुळे तेलाचा टीडीएन शंभरापलीकडे जातो! ‘आम्लात न विरघळणारी राख’ ही तर बव्हंशी वाळू-माती. तसे सरळ लिहायला कोणाची हरकत असावी?

शेतकऱ्याच्या सर्वाधिक कामाचा शब्द म्हणजे शुष्क पदार्थ. २० किलो ओल्या घासात तो जेमतेम चार किलो असतो, तर दहा किलो कडब्यात नऊ किलो. पोत्यावरचे टक्के घासाच्या टक्क्यांशी ताडायचे, तर आधी पाणी वजा करायला हवे. एक किलो घास तोलून, खडखडीत वाळवून मुलांनी पुन्हा तोलावा. शाळेचा साधा तराजू त्याला पुरतो.