कोडं नेमकं कुणाला घातलं?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आता आपल्याही घरांत शिरला आहे. पुण्याला, बेंगळुरूला शिकणारी मुलं सुट्टीत येताना वेगवेगळ्या पैलूंचे फासे घेऊन येतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि तासन् तास नुसतं बोलत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा कसला खेळ? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली पहिल्यांदा छापून आला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात : कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी, सगळं आकड्यांत मांडलेलं असतं. जुन्या नियमांप्रमाणे तीन फासे टाकायचे, म्हणजे बुद्धी ३ पासून १८ पर्यंत कितीही येऊ शकते.

या खेळाची मला आवडलेली गोष्ट एकच. दोन-तीन तास तुम्हाला तुम्ही असावं लागत नाही. घरी चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी इथे राजाला खडसावते. पण मग वाटेत एक बंद दार येतं, दारावर कोडं असतं, आणि ती मुलगी पुन्हा गप्प होते. असं का व्हावं?

‘व्हाइट प्लूम माउंटन’ हे लॉरेन्स शिक यांचं १९७९ सालचं साहस घेऊ. केराप्टिस नावाच्या मांत्रिकाच्या, ज्वालामुखीतल्या भुयारांत शिरून चोरीला गेलेली तीन जादूची शस्त्रं परत आणायची, अशी गोष्ट. खेळणाऱ्यांमध्ये ते इतकं आवडीचं की २०१७ साली जुन्या साहसांच्या संग्रहात पुन्हा निघालं. त्यातली दोन कोडी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कोडं एक स्फिंक्स घालते. बाईचं तोंड, सिंहाचं अंग. कोडं पद्यात आहे आणि उत्तर आहे चंद्र. आपल्या आज्या घालायच्या त्याच जातीचं हे कोडं. चंद्र शिकलेल्यांनी पाहिलाय, न शिकलेल्यांनीही पाहिलाय, आणि मुख्य म्हणजे गोष्टीतल्या त्या गावंढळ योद्ध्यानेही पाहिलाय. म्हणून खेळणारी उत्तर देते तेव्हा तिचं पात्रच बोलतंय असं वाटतं.

दुसरं कोडं पाच मंतरलेल्या राक्षसी पुतळ्यांचं. त्यांच्यावर आकडे आहेत : ५, ७, ९, ११, १३. आमच्यातला एक वेगळा आहे, तो ओळखा, असं ते सांगतात. बरोबर ओळखलात तर तो तुमचा चाकर होईल आणि बाकीचे वाट सोडतील, चुकलात तर मारामारी. उत्तर नऊ, कारण नवाला तीनने भाग जातो आणि बाकीच्या मूळ संख्या आहेत.

आता टेबलावर काय होतं बघा. इंजिनिअरिंगचा मुलगा झटकन ‘नऊ’ म्हणतो, आणि त्याचं पात्र असतं ५ बुद्धीचा गदाधारी. शेजारच्या मुलीचं पात्र असतं १७ बुद्धीची विदुषी. पण त्या मुलीला शाळेत गणिताने छळलेलं असतं, म्हणून विदुषीही मुकी बसते. भिंत चढायची असली तर खेळणाऱ्याला कुणी खरी भिंत चढायला लावत नाही. तिथे पात्राचा आकडा आणि फासा पुरतो. मग बुद्धीच्याच बाबतीत नियम का बदलायचा?

यावर उत्तर मिळतं की फासा टाकून कोडं सुटलं तर मजा काय राहिली? खरं आहे. पण फासा टाकून इशारा तर मिळू शकतो! विदुषीचा फासा चांगला पडला की डंजन मास्टरने तिच्या कानात सांगावं, ‘यातल्या एकाची सारखी वाटणी होते.’ मग कोडं सगळ्यांनी मिळून सोडवावं.

माझा दुसरा आक्षेप एकाच उत्तराच्या हट्टाला आहे. अकरा का वेगळा नाही? त्याचे दोन्ही अंक सारखे आहेत. ज्यांच्या घरी ‘नय’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कुठल्या बाजूने पाहिलं ते आधी सांगा, मग वेगळा कोण ते ठरवू. ‘वेगळा ओळखा’ हे कोडं म्हणजे घालणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखा, एवढंच असतं.

दोन दारं, दोन पहारेकरी, एक खरं बोलणारा आणि एक खोटं, हे कोडं तर या खेळात कितीदा येतं. रेमंड स्मलियन यांनी १९७८ च्या पुस्तकात खरं आणि खोटं बोलणाऱ्यांची असंख्य कोडी रचली, ती कागदावर फार सुंदर आहेत. ‘सुरक्षित दार कुठलं म्हणून दुसरा सांगेल?’ असं कुणालाही विचारा आणि उलटं दार धरा. पण खेळात माणसाला हातपाय असतात. कुणी दारातून दगड टाकून बघेल, कुणी पहारेकऱ्याला भाकरी देऊन बोलतं करेल. हे चालणार नाही म्हणणारा डंजन मास्टर गोष्ट बंद करून परीक्षेचा पेपर वाटतो.

शिक यांना एक श्रेय द्यायलाच हवं. त्यांच्या पुतळ्यांपुढे चुकलं तरी गोष्ट अडत नाही, लढाई होते. चुकीचीही पुढे वाट असते. जिथे उत्तर आलं नाही की दार कायमचं बंद, तिथे टेबलावर फक्त ओशाळलेले चेहरे उरतात. आणि ते चेहरे बहुधा कुणाचे असतात? ‘हिला यातलं काय कळतंय’ हे ज्यांनी घरात आधीच ऐकलेलं असतं, त्यांचे.

आता कितीतरी आया, मावश्या मुलांसाठी हा खेळ स्वतः चालवतात. कोडी जरूर घाला. फक्त घालण्याआधी टेबलाभोवती एकदा नजर फिरवा आणि मोजा, यातल्या किती जणांना यात हात घालता येईल. एकालाच येणार असेल, तर ते कोडं त्याला एकट्याला चहाच्या वेळी घाला.