हायडनची वादळी सिंफनी आणि तिची आख्यायिका

हायडनच्या मायनर सिंफनींना ‘श्टुर्म उंड द्रांग’ म्हणजे झंझावात व आवेग या नावाने संबोधण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, त्याची छाननी करण्याची आवश्यकताच कोणास भासत नाही. ज्या नाटकावरून हे नाव आले ते क्लिंगरचे नाटक १७७६ सालचे. या सिंफनी तत्पूर्वीच्या. १९०९ मध्ये वाइझेवाने हायडनच्या आयुष्यात एक ‘रोमँटिक’ पेचप्रसंग कल्पिला, परंतु त्यास चरित्राचा आधार मिळालेला नाही. आवेग आहे, तो रचनेत.

तत्कालीन हॉर्नला मोजकेच नैसर्गिक स्वर निघत, आणि मायनरमध्ये ते अपुरे पडत. म्हणून ३९ व्या सिंफनीत हायडनने जी आणि बी फ्लॅट अशा दोन सुरांत लावलेले चार हॉर्न योजिले. मोझार्टनेही १७७३ च्या आपल्या जी मायनर सिंफनीत चार हॉर्नच घेतले. ४५ व्या सिंफनीच्या एफ शार्प मायनरसाठी तर हॉर्नच्या नळ्या मुद्दाम करवून घ्याव्या लागल्या. इतका खटाटोप कोणी क्षणिक उद्रेकापायी करीत नाही.

१७७२ सालची ही ४५ वी सिंफनी ‘निरोप’ या नावाने टिकली. एस्टरहाझामध्ये अडकून पडलेले वादक घरी जाण्यास आतुर झाले होते. म्हणून शेवटच्या भागात ते एकामागून एक मेणबत्ती विझवून उठून जातात, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेने कृती वाचविली हे मान्य. पण श्रोता मेणबत्त्यांची वाट पाहत बसतो आणि पहिला भाग त्याच्या कानांवरून निसटून जातो, हेही तितकेच खरे. त्या भागाच्या मध्यावर डी मेजरमध्ये एक शांत धून अकस्मात अवतरते. ती आधी कोठेही सूचित झालेली नसते आणि पुन्हा कधीही परतत नाही. माझ्या मते या कृतीतला खरा निरोप तोच.

‘शोक’ (४४ वी) व ‘ला पासिओने’ (४९ वी) ही नावेही हायडनने दिलेली नव्हेत, तरी मैफलीत त्यांना स्थान आहे ते बव्हंशी नावांमुळेच. उलट वानहालच्या मायनर सिंफनींना ना नाव लाभले ना आख्यायिका. त्या ग्रंथालयांतील हस्तलिखित प्रतींत राहिल्या, आणि ध्वनिमुद्रणाच्या युगात काही जिज्ञासू वाद्यवृंदांनी त्या वाजविल्या तेव्हा हायडनच्या आवेगास समकालीन सोबती होते, हे ऐकू येऊ लागले.