सत्यप्रत

मी समीक्षक नाही. मी बँकेत क्लार्क आहे. बी.कॉम. झालो तेव्हा 'साहित्य' या शब्दाशी माझा संबंध 'स्टेशनरी व इतर साहित्य' या खर्चाच्या खात्यापुरताच होता, आणि पुढेही तो तेवढाच राहिला असता. पण मागच्या उन्हाळ्यात मी जठारपेठेतल्या रद्दीवाल्याकडे वर्तमानपत्रं घालायला गेलो आणि घात झाला. त्याच्या तराजूत, शिवणाच्या एका जुन्या मासिकाखाली, मुखपृष्ठ गमावलेलं एक इंग्रजी पुस्तक पडलेलं होतं. आतल्या पानावर नाव होतं, 'ए फॉर अँड्रोमेडा'. लेखक फ्रेड हॉईल आणि जॉन इलियट.

इलियट कोण ते मला ठाऊक नव्हतं. हॉईल मात्र माहीत होता. आमची पिढी जयंत नारळीकरांच्या गोष्टींवर पोसलेली. केंब्रिजला नारळीकरांचे गुरू कोण, तर हॉईल. 1964 साली दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, हे आम्हाला न्यूटनच्या आधी पाठ होतं, कारण त्यात एक मराठी नाव होतं. विज्ञानकथा लिहिण्याची खोडही गुरूकडूनच शिष्यात उतरली असावी. फरक एवढाच, की शिष्याने 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावाने, आणि बक्षीस मिळवलं. आजच्या केवायसीत हे बसलं नसतं. असो. गुरूचं पुस्तक रद्दीवाल्याने मला वीस रुपयांना दिलं. म्हणजे तसं किलोवरच देत होता, पण मी त्यात इतका रस दाखवला की त्याने वजन करणं थांबवलं.

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, की हे पुस्तक मुळात पुस्तक नव्हतंच. बीबीसीने 1961 साली सात भागांची एक मालिका दाखवली. कल्पना हॉईलची, पटकथा इलियटची. ती गाजली म्हणून 1962 साली तिची कादंबरी झाली. आपल्याकडे कादंबरीवरून मालिका करतात आणि मूळ कादंबरी कोणाची ते विसरतात. इथे उलटा जमाखर्च होता.

गोष्ट अशी. इंग्लंडात एक नवी रेडिओ दुर्बीण सुरू होते आणि देवयानी तारकासमूहाच्या दिशेकडून एक संदेश पकडते. फ्लेमिंग नावाचा तरुण, तापट, घुटक्याघुटक्याने पिणारा शास्त्रज्ञ तो उलगडतो. संदेश म्हणजे एक भलंमोठं गणकयंत्र कसं बांधावं याच्या सूचना. स्कॉटलंडात ते यंत्र बांधतात. मग यंत्र सूचना देऊ लागतं की जिवंत पेशी कशी बनवावी. आधी एक डोळ्याचा गोळा तयार होतो. नंतर प्रयोगशाळेतली एक मुलगी त्या यंत्राच्या विजेने मरते, आणि थोड्याच दिवसांत हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई तयार होऊन बाहेर येते. तीच अँड्रोमेडा. सरकार खूष, लष्कर खूष, व्यापारी तर फारच खूष. फ्लेमिंग तेवढा ओरडत राहतो, की हे यंत्र आपलं नोकर नाही, आपण त्याचे नोकर आहोत.

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा रात्री घरात कोणी बसत नाही. आमच्या गल्लीत जेवणं झाली की सगळे ओट्यावर येतात. मी वाचलेलं तिथे सांगायला लागलो. सात रात्री सांगितलं. म्हणजे मालिकेची कादंबरी, आणि कादंबरीची जठारपेठेत पुन्हा मालिका. त्या सात रात्रींत जी मतं पडली ती मी व्हाउचरच्या मागे टिपून ठेवली आहेत. साहित्य संमेलनाच्या मांडवातही एवढी मतं पडत नाहीत, आणि पडली तरी फुकट नसतात.

पहिलं मत शेजारच्या आजींचं. त्यांनी 'ययाती' तीनदा वाचलेली. संदेश 'देवयानी'कडून आला म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या. "देवयानी त शुक्राचार्याची पोरगी. आन् त्याच्याजवळ संजीवनी होती. मग जिवंत बाई बनवली यात नवल ते काय बाप्पा? यायनं आपलंच उचललं." मी सांगायला गेलो की ते नाव तारकासमूहाचं आहे, इंग्रजीत त्याची कथा निराळी आहे. आजी म्हणाल्या, "निराळी असंल, पण आपली जुनी हाय." आता गंमत पाहा. आपल्या गोष्टीत कच विद्या मिळवायला स्वतः जातो, तीनदा मरतो, तेव्हा कुठे ती पदरात पडते. हॉईलच्या गोष्टीत विद्या घरपोच येते, कोणाला काही मोजावं लागत नाही. आजी हे बोलल्या नाहीत, पण त्यांच्यामुळेच मला कळलं की धोका नेमका तिथेच आहे.

माझा साळा कृषी विद्यापीठात आहे. त्याचं मत वेगळं. "भाऊजी, हे त बियाण्याच्या पाकिटासारखं झालं. वर सूचना लिहिलेल्या, तशा पाळल्या की पीक येते. पुढच्या साली पुन्हा पाकीट त्यायच्याचजवळून घ्या." 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून आमच्या वऱ्हाडात हा विषय निघाला की ओटा दोन तट पडून बसतो. त्या रात्री अँड्रोमेडा राहिली बाजूला, बोंडअळीवरच अकरा वाजले. पण पुस्तकावरचं इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

पुतण्या इंजिनिअरिंगला. त्याला कादंबरीतल्या मतलबी व्यापारी टोळीचं नाव 'इंटेल' आहे हे ऐकून इतका आनंद झाला की पुढचं त्याने ऐकलंच नाही. "काका, चिपवाली कंपनी!" ती कंपनी 1968 सालची, पुस्तक 1962 चं, हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, मग तर आणखीच भारी.

आमच्या हिने एकच प्रश्न विचारला. "मेलेल्या पोरीचं तोंड दुसरीला लावलं, हे तिच्या आईला सांगितलं का कोणी?" मी घाईघाईने पुढचं प्रकरण सुरू केलं.

आता माझं मत. कारकुनाचं मत आहे, त्याला एवढीच किंमत द्यावी. या कादंबरीला मालिकेचा वास येतो. प्रत्येक प्रकरण संपताना कोणीतरी दार उघडतं किंवा फोन वाजतो. माणसं बोलतात, बोलतात, निघून जातात. कोणी एकटं खुर्चीत बसून विचार करतं आहे, असं फार क्वचित. पडद्यावर हे चालतं, कारण तिथे विचार करायला नटाचा चेहरा असतो. अँड्रोमेडाचं काम ज्युली ख्रिस्तीने केलं होतं, तेव्हा ती अगदी नवखी होती. एकच चेहरा, आधी हसणारी मुलगी आणि नंतर न हसणारी. तो चेहरा ज्याने पाहिला त्याला कादंबरीत 'ती तशीच दिसत होती' एवढं पुरे. ज्याने पाहिला नाही त्याला ती तशीच म्हणजे कशी, ते कळायला मार्ग नाही.

मग मालिका पाहावी म्हटलं, तर ती नाही! बीबीसीने त्या काळी जुनं चित्रण जपलंच नाही. सातांपैकी सहावा भाग तेवढा सबंध उरला आहे, बाकीच्यांचे तुकडे. मी बँकेतला माणूस, मला याचं नवल वाटत नाही. मुदत संपली की आम्हीही जुनी व्हाउचरं नष्ट करतो, तसा नियमच आहे. पण म्हणजे झालं काय, की ज्या कादंबरीला आपण 'नक्कल' म्हणून नाक मुरडतो तीच आता मुख्य दस्तऐवज ठरली. सत्यप्रत आहे, मूळ कागद गहाळ. अशा कागदावर मी काउंटरवर सही करत नाही. इथे मात्र करावी लागते. सात भाग ज्यात शाबूत आहेत असं हे एकच ठिकाण उरलं, म्हणून या पुस्तकाच्या सगळ्या खुरडत्या वाक्यांना मी माफ करून टाकलं.

एवढ्यावर लेख संपला असता. पण सातव्या रात्री गुरुजी बोलले.

गुरुजींनी मला शाळेत गणित शिकवलं. आता पंचाहत्तरीचे आहेत. सहाही रात्री ते ओट्याच्या टोकाला गप्प बसून होते. त्याचं कारण गल्लीला माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं. जानेवारीत त्यांच्या फोनवर एक निरोप आला होता. लाइट बिल थकलं आहे, रात्री वीज कापू, इथे दाबा. त्यांनी दाबलं. पुढच्या सूचना आल्या, त्या पाळल्या. बासष्ट हजार गेले. दुसऱ्या दिवशी ते बँकेत आले तेव्हा मी, गुरुजींचा विद्यार्थी, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो होतो, "गुरुजी, भिंतीवर एवढं मोठं पोस्टर लावलं आहे, वाचलं नाही का?"

त्यामुळे फ्लेमिंगच्या गोष्टी मी फार रंगवून सांगत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. फ्लेमिंग म्हणजे मीच. सगळे यंत्राच्या नादी लागलेले, आणि एकटा शहाणा ओरडतो आहे. सातव्या रात्री त्याने कुऱ्हाड घेऊन यंत्र फोडलं तेव्हा माझा आवाज चांगलाच चढला होता.

गुरुजी म्हणाले, "एक इचारू का रे? ते यंत्र बांधलं कोणं?"

"शास्त्रज्ञांनी."

"नाव सांग."

मी पान उलटायचं सोंग केलं. उत्तर पाठ होतं. "फ्लेमिंगनेच. निरोप त्यानेच वाचला, बांधलंही त्यानेच."

"मंग कुऱ्हाड घेऊन कोणावर वरडून राह्यला तो?"

ओट्यावर कोणी हललं नाही. माझ्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आली. गुरुजी पेन्शनच्या रांगेत उभे होते, उन्हाचे आले होते, दमले होते. मीच त्यांचा फोन मागून घेतला होता, त्यात बँकेचं ॲप घातलं होतं, 'आता इकडे यायची गरज नाही गुरुजी, घरबसल्या होईल' असं म्हणालो होतो. त्या महिन्यात आमच्या शाखेला ॲपचं टार्गेटही होतं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"चांगली लिहेल हाय गोष्ट," गुरुजी म्हणाले. "पण बाकीचे येडे नव्हते रे. असा सुबक निरोप आला, हरेक पायरी नीट समजावून सांगेल, त माणूस करतेच. मी चाळीस वर्षं पोरायले हेच शिकवलं, की पायरी पायरीनं जा, उत्तर येते."

त्या रात्री घरी जाऊन मी कादंबरी पुन्हा काढली आणि सुरुवातीची प्रकरणं वाचली. फ्लेमिंग संदेश उलगडतो त्या भागात तो किती खुशीत आहे! तापट माणूस, पण तिथे लहान पोरासारखा. पहिल्या वाचनात ती पानं मी यंत्र कधी येतं या घाईत उलटली होती. नंतरच्या त्याच्या रागाला धार कुठून आली ते तिथे आहे. मात्र लेखकांनीही माझ्यासारखंच केलं आहे. राग सविस्तर, खुशी थोडक्यात. या पुस्तकावर माझा खरा आक्षेप कोणता म्हणाल तर हा, आणि तो माझा नाही, गुरुजींचा आहे.

सकाळी बँकेत जाण्याआधी त्यांच्याकडे गेलो. पोस्टरबद्दल जे बोललो होतो त्याबद्दल काही म्हणायचं होतं, टार्गेटबद्दलही. ते मी म्हणालो. नीट म्हणता आलं नाही. गुरुजींनी चहा मागवला आणि विषय बदलून विचारलं, "ते पोरगी शेवटी मेली का?"

"गुहेतल्या पाण्यात पडते. मेली असं वाटतं. पण पुढची मालिका 1962 साली आली आणि 1964 साली तिचीही कादंबरी झाली, त्यात ती जिवंत सापडते. फक्त नटी बदलली. ज्युली ख्रिस्तीच्या जागी सुझन हॅम्पशायर."

"चालते," गुरुजी म्हणाले, "आपल्या इकडच्या शिरेलीत बी बदलतेत. आन ते पुस्तक."

रद्दीवाल्याला सांगून ठेवलं आहे. तो म्हणतो, नाव लिहून द्या. दिलं आहे. दर रविवारी चक्कर मारतो, आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून घरातली रद्दी नेतो. परवा ही म्हणाली, आता आजचा पेपर तरी राहू द्या.